आवाज डाव्या हाताला

"…पण आलेला माणूस धरून कसा ठेवायचा, बुवा? तेवढं एकच सांगा."

पुरीबुवांनी धुनीतलं लाकूड जरा आत सारलं.

"कंचा मानूस?"

"वाचणारा."

बुवांची मान वर झाली. "वाचनारा? किती वाचत्यात तुझ्याकडं?"

"आधी रोज नऊ हजार वाचायचे. आता पाचशेसुद्धा वाचत नाहीत."

बुवा उठले. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघ्यावर हात देत उभा राहिला, पुढं आला आणि त्यानं सुश्रुतच्या पायांवर चक्क डोकं टेकलं.

सुश्रुत टिपणीस विंचू चावल्यासारखा मागं सरकला.

"बुवा! अहो, हे काय करताय!"

"नऊ हजार…" बुवांचा घसा पार बसला होता. शब्द कसेबसे बाहेर पडत होते. "माझ्या गुरूच्या जन्मात आन् माझ्या जन्मात मिळून एवढे वाचले न्हाईत रं. तू कंच्या घाटात असतोस?"

सुश्रुतला काही उमजेना.

"आन् आता पाचशे बी न्हाईत म्हंतोस." बुवांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं होतं, खरंखुरं. "मग बाकीच्यांचं काय व्हतंय? पडत्यात?"

इथं जागेची ओळख करून द्यायला हवी, नाहीतर बुवांना कुणी वेडगळ समजायचं.

आंबेघोळच्या पठारावरून खाली तळकोंडला उतरणारी एक जुनी पायवाट आहे. ती जिथं पठार सोडते तिथं एक खिंड आणि खिंडीच्या तोंडाशी गोसाव्यांचा मठ. मठ म्हणजे काय, चार दगडी भिंती, एक धुनी आणि दारापुढं कड्याबाहेर डोकावणारा एक मोठा धोंडा. त्याला हाळीचा धोंडा म्हणतात. धुकं उतरलं की मठातला गोसावी त्या धोंड्यावर उभा राहून हाळी देतो, म्हणजे लांबवर जाईल अशी हाक घालतो. कुणी येतंय की नाही हे त्याला दिसत नाही. तरी हाक घालायची. पिढ्यान् पिढ्या हे असंच चालत आलं आहे.

त्यामुळं त्या मुलखात 'वाचला' या शब्दाला एकच अर्थ उरला आहे. अमका काल वाचला म्हणजे धुक्यातून धडपणी पलीकडं गेला. अक्षरं वाचणाऱ्याला तिथं 'शिकलेला' म्हणतात आणि विषय सोडून देतात.

सुश्रुतला उलगडा झाला तेव्हा आधी हसू आलं, मग हसू आल्याची लाज वाटली.

"तसं नाही, बुवा. अक्षरं वाचतात. मी लिहितो आणि लोक आपापल्या मोबाइलवर वाचतात. ब्लॉग म्हणतात त्याला."

"अक्षरं व्हय…"

बुवा हळूच खाली बसले. त्यांनी मोठा श्वास सोडला. नऊ हजारांतलं कुणी पडलेलं नाही, याचं समाधान त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

मग म्हणाले,

"मंजे ते जगले का मेले, तुला ठाव न्हाई."

"…नाही."

"बरं."

हे 'बरं' सुश्रुतला कुठंतरी लागलं.

नाव सुश्रुत, म्हणजे नीट ऐकलेला, असलं तरी ऐकून घेणं हा त्याचा प्रांत नव्हता. तो सांगणाऱ्यांतला. राहायचा पुण्याला. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा घरात करणारा तोच एकटा. तिची कूस कशी बदलायची, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून काय बघायचं, ठसका न लागता पेज कशी भरवायची, आपलाच तोल जायला लागला की खोलीबाहेर जाऊन कसं उभं राहायचं, हे सगळं तो चुकत चुकत शिकला आणि शिकला तसं लिहीत गेला. ब्लॉगचं नाव 'उशाशी'. साधं लिहायचा, समोर बसून सांगावं तसं. ज्यांच्या घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं होतं अशी माणसं कुठून कुठून येऊन वाचू लागली.

मग आई गेली.

घर एकदम रिकामं झालं. त्याची वाट बघणारं असं जगात एवढंच काय ते उरलं, हा ब्लॉग. सकाळी दात घासायच्या आधी तो काल किती जण आले ते बघायचा. आकडा चढलेला असला की दिवस बरा जायचा. उतरलेला असला की घरात दिवसभर नळाचं ठिबकणं ऐकू यायचं.

आणि आकडा उतरतच चालला होता. माणसं यायची, महिना-दोन महिने अगदी नेमानं वाचायची आणि एक दिवस न सांगता नाहीशी व्हायची. सुश्रुतनं जाणकारांचे सल्ले घेतले. मथळे चुरचुरीत केले. ठरल्या वारी, ठरल्या वेळी लिहू लागला. काही दिवस गर्दी झाली, मग होती तीही पांगली. तेव्हा कुणीतरी त्याला या मठाचं सांगितलं, की तिथल्या बुवांच्या आवाजाला तीन खोरी कान लावून असतात. सुश्रुतनं मनाशी म्हटलं, ज्याचं ऐकायला माणसं जन्मभर कान लावतात त्याच्यापाशी काहीतरी गुरुकिल्ली असणारच. आणि तो गाडी काढून, उरलेला डोंगर चालून, थेट धुनीपुढं येऊन बसला.

"मला ती खुबी सांगा, बुवा. नाहीतर बंद करतो मी सगळं. इथून परत गेलो की पहिलं काम तेच."

बुवांनी चुलीवर चहाचं आधण ठेवलं. गवती चहाची पात तोडून त्यात टाकली.

"काय काय करून बघितलंस?"

"लोकांना खिळवून ठेवायचे सगळे उपाय केले."

"खिळवून…" बुवांनी तो शब्द तोंडात घोळवला. "बैलाच्या खुराला पत्री मारताना खिळं ठोकत्यात. ते बी त्यानं चालावं म्हनून."



"तू ज्या वाटंचं सांगतोस," बुवांनी विचारलं, "त्या वाटंनं तू सोता चाललायस?"

"हो. आईचं सगळं केलंय मी. सहा वर्षं."

"मग तुला हाळी येती. आमच्या गुरूनं मला आधी नुस्तं चालवलं. धुक्यात, उन्हात, डोळं बांधून. हाक घालू देईना. म्हनायचा, पायाला कळंस्तवर तोंड उघडायचं न्हाई."

"हाळी येते हो बुवा मला. पण लोक थांबत नाहीत ना."

"थांबत न्हाईत…"

"तुमच्याकडं थांबतात?"

बुवांना हसू आलं. हसताना घशातून नुसती हवाच आली.

"एक व्हता. आंबेघोळचा. त्येला माझा आवाज लई आवडायचा. धुकं पडलं की घरनं निघायचा आन् हितं धोंड्याखाली येऊन बसायचा. बायकू तिकडं चूल पेटवून बसलेली आन् हा हितं डोळं मिटून डोलतोय."

"वा!" सुश्रुत मनापासून म्हणाला. हेवाच वाटला त्याला. "म्हणजे पक्का श्रोता मिळाला तुम्हाला."

"व्हय."

"मग? अजून येतो?"

"काठी घेऊन हाकलला त्येला."

धुनीतलं लाकूड तडकलं. सुश्रुतनं बुवांकडं निरखून पाहिलं. चेष्टा करताहेत की खरं सांगताहेत, काही थांग लागेना.

"अजून काय केलंस?"

"एक गोष्ट चालली होती थोडे दिवस," सुश्रुत म्हणाला. आता सांगूनच टाकावं असं त्याला वाटलं. "लेख एकदम द्यायचा नाही. तुकडे करायचे. कूस कशी बदलावी, यावर मी चार भाग केले. खरी मेख चौथ्या भागात ठेवली. लोक चारही दिवस आले."

"ज्येचं मानूस आजच आडवं झालंय…" बुवा थांबले. "त्येनं चार दिस काय करायचं?"

"तो… येत राहतो."

बुवांनी चहा गाळला. एक वाटी त्याच्यापुढं सरकवली, एक स्वतः घेतली. रागावले असते तर सुश्रुतला हलकं वाटलं असतं.

चहा पिताना त्याची नजर दारावर गेली. तिथं एक पितळी घंटा टांगली होती. विषय बदलायला तेवढीच सापडली.

"धुक्यात ही वाजवता का हो? आमच्याकडंसुद्धा घंटा असते. नवीन लेख आला की लोकांच्या मोबाइलवर वाजते."

"देवाम्होरं वाजवतो. धुक्यात न्हाई."

"का? चांगली लांबवर ऐकू जाईल की."

"घंटा सांगती, घंटा कुठं हाय ते." बुवांनी घोट घेतला. "वाट न्हाई सांगत."

भाद्रपदातली दुपार होती. बोलता बोलता दारातला उजेड बदलला. सुश्रुतनं मान वळवली तर समोरचा धोंडा अर्धा दिसत होता. बघता बघता तोही दिसेनासा झाला. मग अंगण गेलं, उंबरा गेला. दाराच्या चौकटीत नुसतं पांढरं उभं राहिलं आणि हळूहळू आत येऊ लागलं.

असलं धुकं त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. उठून दाराशी गेला आणि हात बाहेर काढला. कोपरापुढचा हात नाहीसा झाला. त्यानं घाबरून तो परत ओढून घेतला आणि बोटं हलवून पाहिली. भीती वाटली, आणि त्या भीतीत काहीतरी पायांवर डोकं ठेवावं असंही होतं. किती मोठं होतं ते, आणि किती गप्प.

तेवढ्यात रडणं ऐकू आलं.

लहान मूल. समोरून, अगदी जवळून.

बुवा झटक्यात उठले. दाराबाहेर गेले आणि छाती भरून हाक घातली. म्हणजे घालायला गेले. गळ्यातून नुसती खरखर निघाली. गेले काही दिवस रोज धुकं उतरत होतं आणि त्या हाकांतच तो घसा गेला होता. त्यांनी पुन्हा जोर केला. पुन्हा तेच.

मग त्यांनी चाचपत सुश्रुतचं मनगट पकडलं आणि त्याला ओढत धोंड्यावर नेलं.

"घाल हाक."

"मी?"

"माझा आवाज सरला. तुझा हाय."

सुश्रुतला दुसरं काय येत होतं? जे येत होतं ते त्यानं केलं.

"घाबरू नका! मी इथं आहे! इकडं या! माझ्याकडं या!"

आवाज छान होता त्याचा, खणखणीत. त्यात धीर होता, मायाही होती. ऐकणाऱ्यानं ओढीनं निघावं असाच आवाज.

"आले! आले वं बुवा!"

बाईचा आवाज. सुटल्याच्या आनंदानं ओला झालेला.

आणि मग दगड घरंगळल्याचा आवाज आला. एक, त्याच्यामागं आणखी. ते घरंगळत गेले, गेले… आणि खाली पोचल्याचा आवाज आलाच नाही.

बुवांची बोटं सुश्रुतच्या खांद्यात रुतली.

सकाळी येताना त्यानंच ते पाहिलं होतं. पलीकडच्या वाटेवरून मठ दगड फेकला तर लागेल एवढा जवळ दिसतो. मोबाइल काढून त्यानं तिथून फोटोही घेतला होता. पण मध्ये घळ आहे, सरळ तुटलेली. वाट त्या घळीला पूर्ण वळसा घालून, डोंगराच्या कडेकडेनं मठाच्या मागं येते. समोर दिसणाऱ्या मठाकडं सरळ चालत निघालेला माणूस मठात पोचत नाही.

आणि त्यानं तिला सरळ बोलावलं होतं.

"थांबव."

"थांबा!" सुश्रुत ओरडला. "पाऊल टाकू नका! आहात तिथंच उभ्या राहा!"

काही नाही. फक्त मुलाचं रडणं.

"…उभी हाय." आवाज आता थरथरत होता. "तुम्ही कोन? बुवा न्हाई व्हय?"

"मी सुश्रुत टिप—"

बुवांनी त्याच्या दंडाला करकचून चिमटा काढला. "नावानं घळ बुजनार हाय का?"

"बुवा इथंच आहेत!" तो म्हणाला. "घसा बसलाय त्यांचा!"

"तिला बोलावू नगंस," बुवा त्याच्या कानाशी म्हणाले. "तुझ्यापाशी काय हाय? हितं धोंडा हाय नुस्ता. वाट तिच्या पायाखाली हाय. तिची तिला दे."

"कशी देऊ? मला ती दिसत नाही, बुवा."

"मला तरी कवा कोन दिसलंय?"

सुश्रुतनं तोंड पुन्हा धुक्याकडं वळवलं.

"इचार. डोंगर हाताला लागतोय का."

"डोंगर हाताला लागतोय का?"

"न्हाई!" तिकडून आलं. "म्होरं मोकळं हाय. मागं बी कळंना."

मोकळं. म्हणजे घळीच्या तोंडावरच. आजवर त्यानं हजारो माणसांना सांगितलं होतं, पण तुम्ही कुठं उभे आहात, असं कुणाला विचारलं नव्हतं. तो कान देऊन ऐकू लागला. ती कुठं आहे, तिचं तोंड कुणीकडं आहे, ती रडतेय की नुसती धापा टाकतेय… धुक्यात डोळ्यांचा काही उपयोग नव्हता. सगळा जीव कानांत आला.

"मागं सरू दे," बुवा म्हणाले. "पाय न उचलता."

"पाय उचलू नका. घासत घासत मागं सरका. पाठ डोंगराला टेकेपर्यंत."

खसखस. मग थांबणं. पुन्हा खसखस. मूल रडायचं थांबलं, पुन्हा रडू लागलं.

हे किती वेळ चाललं, कुणास ठाऊक.

"टेकली!" ती म्हणाली. "टेकली वं पाठ!"

सुश्रुतनं डोळे मिटले. डोळ्यांतून पाणी गालांवर आलं होतं, ते त्याला आत्ता कळलं.

"आता आवाज डाव्या हाताला ठेव म्हन. डोंगर उजव्या. आवाजाकडं यायचं न्हाई."

"ऐका! डोंगर उजव्या हाताला धरा. माझा आवाज डाव्या हाताला ठेवा. आवाजाकडं यायचं नाही. आवाज डाव्या हाताला ठेवून चालत राहायचं."

"तुमच्याकडं न्हाई याचं?"

"नाही! माझ्याकडं नाही यायचं!"

हे वाक्य तोंडातून गेलं तेव्हा त्याचं त्यालाच नवल वाटलं. उभ्या आयुष्यात असलं वाक्य त्यानं कुणाला म्हटलं नव्हतं.

"आता हेच म्हनत ऱ्हा," बुवा म्हणाले. "थांबू नगंस."

"आवाज डाव्या हाताला ठेवा… चालत राहा."

"ओ…"

"आवाज डाव्या हाताला ठेवा… चालत राहा."

"ओ…"

चार-सहा वेळा झालं आणि सुश्रुतच्यानं राहवेना. धीर द्यावा, कौतुक करावं, चांगलं काहीतरी बोलावं, असं वाटून तो मोठ्यानं म्हणाला, "वा ताई, शाबास! फार धीराच्या आहात तुम्ही! अगदी थोडंच राहिलंय!"

तिकडची पावलं थांबली.

"काय म्हनला? काय झालं? चुकले का मी?"

"सारखा ठेव," बुवा कुजबुजले. "तू हललास की तिचा डावा हात हलतो."

"काही नाही, ताई. आवाज डाव्या हाताला ठेवा… चालत राहा."

"…ओ."

मग तो हलला नाही. तेच शब्द, तीच पट्टी. उंच नाही, खाली नाही. त्यात मथळा नव्हता, गंमत नव्हती, त्याचं स्वतःचं असं काहीच नव्हतं. पायांखालचा धोंडा दिसत नव्हता, स्वतःचे हातही दिसत नव्हते. कोण सुश्रुत, कुठला ब्लॉग, काल किती आले आणि आज किती, सगळं त्या पांढऱ्यात विरून गेलं. एक आवाज तेवढा उरला होता आणि त्या आवाजाच्या भरवशावर कुणीतरी कडेवर मूल घेऊन पाऊल टाकत होतं. एका वेळी एक.

शब्दाला एवढं वजन असतं! आणि आपण तो किती हलका वापरला, हेही त्याच वेळी त्याला दिसलं.

"ओ…" आता डावीकडून आलं. मग मागून, जवळून. ती घळीचा वळसा पुरा करून अलीकडं आली होती. मूल रडायचं थांबलं होतं. त्याला उचकी लागली होती, तीसुद्धा ऐकू येत होती.

मठाच्या मागच्या भिंतीपलीकडं बांगड्या वाजल्या. ओल्या पातळाची फडफड आली. ती हातभर अंतरावर असावी.

आता ती आत येईल, सुश्रुतला वाटलं. धुनीशी बसेल. आपण तिला चहा करून देऊ, मुलाचे पाय शेकू. ती विचारेल, तुम्ही कोण, कुठले. आपल्याला तिचा चेहरा दिसेल.

"आलं बघ, सोन्या," ती मुलाला म्हणाली. "आलं. बाबा खालीच हाय. संपलं आता."

आणि ती थांबली नाही. मठाच्या मागून उतरणाऱ्या पायऱ्यांवर तिची पावलं वाजू लागली. खाली, आणखी खाली. आता तिला कुणाच्या आवाजाची गरज नव्हती. पायऱ्या पायांना कळत होत्या.

सुश्रुतची छाती भरून आली होती. इतका आनंद त्याला फार दिवसांत झाला नव्हता. आणि त्या आनंदाच्या पोटातच जुनी कळ उठली. हीसुद्धा चालली. एक शब्द न बोलता, मागं न बघता.

निदान नाव तरी विचारावं. पोचलात का म्हणावं. पुन्हा कधी या बाजूला याल तर या, एवढं तरी…

त्यानं छाती भरून श्वास घेतला आणि तोंड उघडलं.

धुक्यातून एक तळवा आला आणि त्याच्या तोंडावर बसला. राखेचा वास असलेला, खरबरीत, ऊबदार तळवा.

सुश्रुत निश्चल उभा राहिला.

पावलं उतरत राहिली. उचकी ऐकू यायची थांबली. बांगड्या थांबल्या. मग पावलांचा आवाज आणि धुक्यातून ठिबकणाऱ्या पाण्याचा आवाज यांत फरक करता येईना. मग फक्त पाणीच राहिलं.

तेव्हा कुठं बुवांनी हात काढला. बसलेल्या घशातून, मोठ्या कष्टानं आणि फार मायेनं ते म्हणाले,

"वाटंला लागलेल्या मानसाला मागनं हाक घालत न्हाईत, बाळ."